चिखल नेमका कुठला होता?

वलवणला मामांच्या भातखाचरात पोटरीभर चिखलात उभी राहून मी बाटल्या भरत होते... सातव्यांदा! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तळेगावची, पुण्याच्या एका लॅबमध्ये पीएच.डी. करत होते, आणि माझा पहिलावहिला पेपर नुकताच परदेशी जर्नलमध्ये छापून आला होता.

खरं तर मी आनंदात असायला हवं होतं. पण डोक्याचा पार भुगा झाला होता.

पेपर होता एका विषाणूवर. ह्या जातीचे विषाणू माणसाला काही करत नाहीत, ते जिवाणूंना फोडतात. मॉलिक्युलर बायॉलॉजी तेव्हा आपल्याकडे नवी होती, आणि डीएनए समजून घ्यायला हे विषाणू फार सोयीचे.

मी ज्या जिवाणूवर काम करायचे, तो जनावरांच्या आतड्यात राहणारा. त्याला फोडणारा विषाणू शेणखत न पडलेल्या भातखाचरात भरपूर सापडला, हेच आमच्या पेपरचं नावीन्य.

पुढच्या कामासाठी तोच विषाणू पुन्हा मातीतून मिळवायला गेले, तर काहीच नाही! काचेच्या बशीत जिवाणूंचा दुधट थर वाढतो आणि विषाणू असेल तिथे त्या थराला बारीक भोकं पडतात. माझ्या बशांत आठवडेच्या आठवडे एकही भोक नाही...

मग शंका सुरू झाल्या. पहिल्या वेळी माझी भांडी अस्वच्छ होती का? विषाणू लॅबमधलाच कुठून तरी शिरला होता का? मी छापलं ते खरं होतं की खोटं, हे माझं मलाच कळेना. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "छापून आलंय ना? आता पुढचं बघ."

तर त्या सातव्या खेपेला, हातात बाटली असताना, एकदम आठवलं... पहिल्या बाटल्या मी भरल्याच नव्हत्या. तेव्हा मी तापाने मामांकडेच झोपून होते. वरच्या वाडीतल्या चंद्राबाई मामांच्या शेतावर कामाला यायच्या, त्यांना बाटल्या दिल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी भरून आणून दिल्या, मी लेबल चिकटवलं आणि विषय संपला.

चंद्राबाई तिथेच बांधावर गवत कापत होत्या. मी चिखल तुडवत त्यांच्याकडे गेले.

"मावशी, मागच्या वर्षी माझ्या बाटल्या भरल्या होत्या ना, त्या ह्याच खाचरातून का?"

त्यांनी विळा खाली ठेवला. 

"रागावनार न्हाई ना, ताई?"

"नाही."

"हितं त्या दिशी लय पानी व्हतं, चिखूल हाताला लागंना. मंग घरी जाताना वाडीखालच्या डबक्यातनं भरला. आमच्या म्हशी बसत्यात तितं." आणि मग हळूच म्हणाल्या, "चिखूल त्यो चिखूलच, आसं वाटलं मला. तुमी बी काय इचारलं न्हाई, कुटनं आनला म्हनून."

मी बांधावरच बसले. हसावं की रडावं कळेना. विषाणू खरा होता, माझे हातही स्वच्छ होते. पण म्हशींच्या डबक्यात आतड्यातल्या जिवाणूचा विषाणू सापडणार नाही तर काय! त्यात नावीन्य कसलं?

तरीही चंद्राबाईंबरोबर चढण चढून गेले. डबक्यातून दोन बाटल्या भरल्या, ह्या वेळी स्वतः. पुण्यात बशा लावल्या... दुसऱ्या दिवशी सगळा थर भोकांनी भरलेला.

सरांना सांगितलं, जर्नलला चूक कळवून दुरुस्ती पाठवायची. ते नाराज झाले. "मग ह्या पेपरात उरतं काय? तुझ्या नोकरीच्या वेळी हेच पुढे येईल." दोन आठवडे मी मसुदा बॅगेत घेऊन फिरले. रोज ठरवायचे पाठवायचा, रोज ठरवायचे नको. शेवटी एका सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सही केली.

चार ओळींची दुरुस्ती छापून आली. शेवटी नमुना आणून दिल्याबद्दल आणि खरी जागा दाखवल्याबद्दल चंद्राबाईंचे आभार, नावासकट.

आणि सर म्हणाले तसंच झालं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत निवड समितीतल्या एका वयस्कर सदस्यांच्या पुढ्यात नेमकं तेच पान होतं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे डबकं अजून आहे का?" मी म्हटलं, "आहे." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं... आणि मुलाखत संपली!

नोकरी मिळाली. त्या पानामुळे मिळाली की ते पान असूनही मिळाली, मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे त्याच नोकरीत विषाणूंकडून जैव-अभियांत्रिकीकडे वळले, पेपर लिहीत गेले.

दुरुस्तीचं पान घेऊन मी वाडीवर गेले होते. इंग्रजीत छापलेलं नाव बोटाने दाखवलं. चंद्राबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चूक माजी आन् नाव बी माजंच छापलं? आसं कसं, ताई?"

मी ते पान त्यांच्याच हातात ठेवलं. काही न लपवता त्यांनी त्या दिवशी खरं सांगितलं नसतं, तर नंतर मी जे काही छापलं, त्यातल्या कशावरच माझा स्वतःचा विश्वास बसला नसता.