काकडांशिवाय विकलेली शेवळं

मी चौथीपर्यंत शिकलो. गोल गोल फिरवून लिहिणं मला जमत नाही. बायकोला जाऊन सव्वा वर्ष झालं. तिच्या धंद्यात मी जे केलं ते तिला कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितो.

टोकावड्याच्या पुढं, माळशेजच्या रस्त्याला, एका ढाब्यासमोर झाडाखाली ती पाटी घेऊन बसायची. उन्हाळा सरता सरता आमच्या डोंगरात शेवळं उगवतात. पान नाही, काही नाही, नुसता जांभळट कोंब जमिनीतून वर येतो. त्याची भाजी मटणाला मागं सारते. पण तिला खाज असते, नीट केली नाही तर घसा धरते. खाज मारायला काकडाच्या झाडाची आंबट फळं घालावी लागतात. आमच्याकडं हे लहान पोरींनाही ठाऊक असतं. गाडीतून घाट बघायला येणाऱ्यांना नसतं.

तिचा नियम एकच. जुडीबरोबर मूठभर काकडं पानात बांधून द्यायची, कशी करायची ते सांगायचं, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून परत वदवून घ्यायचं.

"काय करशील गो, सांग बघू," असं ती विचारायची. गळ्यात सोनं घातलेल्या बायका शाळेतल्यासारख्या उत्तर द्यायच्या. एखादी चुकली की माझी बायको जुडी परत पाटीत ठेवायची. मला शरम वाटायची.

"घेऊन चाललीय तर जाऊ दे ना. तुला काय करायचंय?"

"फुडच्या रविवारी ती परत यायला पायजे, ते करायचंय."

काकडं काढून आणायचं काम माझं. झाड उंच, तिला चढता येत नव्हतं.

पाचेक वर्षांमागं, शेवळांच्या दिवसांत, शहापूरला एका हॉलात शिबिर होतं. यशस्वी कसं व्हावं, मोठा विचार कसा करावा, असलं काहीतरी. गावातल्या एकाच्या फोनवर मी त्या माणसाचं बोलणं ऐकलं होतं आणि डोक्यात वारं शिरलं होतं. शनिवारी सकाळी शर्ट घातला तर ही म्हणाली, "आज कुठं? काकडं संपलीत."

"तुझ्या डोक्यात काकडंच. म्हणून तू जन्मभर झाडाखाली बसलीस."

"मग काय झाडावर बसू?" ती हसली. मी हसलो नाही. एसटी पकडून गेलो.

शिबिरात बोलणारा तो कोटवाला माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्यानं आम्हाला उभं करून 'मी करू शकतो' असं ओरडायला लावलं. मीही ओरडलो. मग म्हणाला, डोळे मिटा, पाच वर्षांनी तुम्ही कुठं आहात ते बघा. मला काचेचं दुकान दिसलं, आत फिरती खुर्ची, खुर्चीत मी. बायको कुठं दिसली नाही. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर ती तापानं पडलेली. शेवळं मात्र खुडून पाटी भरून ठेवलेली.

"उद्या ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "काकडं नायत."

"सकाळी जाऊन काढतो. मी बसतो उद्या."

सकाळी मी काकडं काढायला गेलोच नाही. कोटवाला म्हणाला होता, थांबू नका, संधी थांबत नाही. रस्त्यावर गाड्या लागल्याच होत्या. मी सरळ जाऊन बसलो. कुणाला काही सांगितलं नाही. एका बाईनं विचारलं, कशी करायची? म्हटलं, कुठल्याही भाजीसारखी. दहाच्या आत पाटी रिकामी. एवढा वेळ ही उगाच बडबड करत बसते, असं वाटलं. छाती फुगवून घरी आलो.

"काकडं पुरली?" तिनं विचारलं.

"पुरली."

पुढच्या रविवारी ती बरी होऊन बसली. मी समोर ढाब्यावर चहा पीत होतो. एक गाडी थांबली. कल्याणची बाई होती, मागच्या रविवारी मला 'कशी करायची' विचारणारी तीच. उतरली ती ओरडतच.

"माझ्या सासऱ्यांचा घसा सुजला! दवाखान्यात न्यावं लागलं! तुमच्या भरवशावर घेतो आम्ही!"

ही उठून उभी राहिली. हात जोडले. "चुकलं असंल बाय, माफ कर." ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. मीही त्यांच्यासारखाच बघत राहिलो. मधे फक्त रस्ता होता. मला तो ओलांडता आला नाही.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "तुमी काकडं दिली होती ना समद्यांना?"

"दिली होती."

तिनं पाटी कोपऱ्यात पालथी घातली. मग म्हणाली, "म्हंजे माजंच. तापात दुसराच कोंब खुडला असंल. डोळं गेलं माजं."

त्यानंतर तिनं शेवळं विकली नाहीत. लहानपणापासून जी भाजी ती ओळखत होती, ती ओळखता येत नाही असं तिनं मानलं. तीन उन्हाळे झाडाखाली करवंदं घेऊन बसली. कुणी शेवळं मागितली की म्हणायची, "आता नाय ओळखू येत मला." मी शेजारी असायचो. एका वाक्याचं काम होतं. भाजीचंच तर आहे, कशाला उकरायचं, असं मनाला सांगत राहिलो. मग ती आजारी पडली आणि गेली.

आता तिथं बचत गटाच्या बायका बसतात. त्यात माझी मेव्हणीही आहे, तिची धाकटी बहीण. गेल्या महिन्यात त्यांनी मला समाजमंदिरात बोलावलं. म्हणाल्या, ताईचा धंदा कसा चालायचा ते सांगा, तुमी तिला साथ दिलीत ना.

साथ हा शब्द मला टोचला. मग सगळं सांगून टाकलं, वर लिहिलंय तसंच. मेव्हणी एकदम म्हणाली, "भावजी, माझी बहीण मरताना म्हणत होती, मी त्या म्हाताऱ्याला आजारी पाडलं. आमाला सांगून काय उपेग? तिला सांगायचं होतं."

मी म्हटलं, "व्हय."

मग गटातल्या एकीनं विचारलं, धंद्याचं काय सांगताय? मी म्हणालो, गिऱ्हाईक ओरडायला आलं तर ज्याच्या हातून झालंय त्यानं तिथंच उठून उभं राहायचं. दुसरं मला काही कळत नाही.

त्यांनी ऐकलं की नाही, मी बघितलं नाही. मेव्हणी समोर बसली होती, मला मान वर करवली नाही.