नाड्यांचा कोट

परंड्याच्या फोटोवाल्या कोटमामांकडे एकच कोट होता आणि त्या कोटाला पाठ नव्हती. मागून उभा उसवून दोन्हीकडं नाड्या लावलेल्या. पोरगं हडकुळं असो की आडदांड, मामा मागून नाड्या आवळायचे आणि समोरून साहेब तयार. "पाठ कोण बघतंय? जग म्होरूनच बघतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

कोटाशिवाय पोरगं शिकलेलं दिसत नाही, अशी तालुक्यातल्या आईबापांची पक्की समजूत. मामा फोटो छातीपर्यंतच काढत, कारण खाली बहुतेकांची चड्डी असायची. एकदा माझ्या अंगावरून उतरलेला कोट बघून एका बागायतदाराच्या पोरानं विचारलं, "दुसरा न्हाय का?" आम्ही बौद्ध, हे त्याला ठाऊक होतं. मामा म्हणाले, "ह्योच हाय. न्हायतर सदऱ्यावर बस." सदऱ्यावर फोटो म्हणजे अडाणी. त्यानं मुकाट्यानं कोट घातला.

दुकानात निजामाच्या काळातला, मामांच्या आज्याच्या वेळचा एका विद्यार्थ्याचा फोटो होता. अंगात शेरवानी, हातात जाडजूड पुस्तक. मामा म्हणायचे, "शेरवानी मागून आणलेली, पुस्तक फोटोवाल्याचं. पोरगं तेवढं सोताचं."

दुष्काळात खडीच्या कामावर ऊन लागून माझे वडील गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून मी मामांना बोलावून आणलं. वडलांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. मामांच्या पिशवीत सवयीनं कोटही आला होता. तो दिसताच आई म्हणाली, "मामा, त्यास्नी कोट घाला."

बायका चपापल्या. प्रेताच्या अंगावरचा कोट पुढं कोणतं पोरगं घालणार? मामांचं सगळं दुकान त्या एका कोटावर चालायचं. पिशवीतून कोट काढून ते मला म्हणाले, "म्होरं वाकवून धर जरा." नाड्या फार आवळाव्या लागल्या. मी खांदा धरून उभा होतो. मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. फोटोतले डोळे मामांनी नंतर बारीक ब्रशनं उघडले.

गावात बोभाटा झाला आणि पोरं फिरकेनाशी झाली. मामांनी कोट धुऊन दुकानाबाहेर, सगळ्यांना दिसेल असा वाळत घातला. तरी कोणी आलं नाही. दुसरा शिवा म्हटलं, तर मामा म्हणत, "ह्याला काय झालंय?"

कॉलेजच्या ओळखपत्रासाठी मी गेलो, तेव्हा ते कोट हातात धरून थांबले. "सदऱ्यावर काढू का रं?"

"कोट घाला," मी म्हणालो.

नाड्या बांधून त्यांनी कोटाचा खांदा बोटांनी सारखा केला. माझ्या आत तेव्हाही काही हललं नाही. आता मात्र ती बोटं आठवली की गलबलून येतं. माझा त्या माणसावर फार जीव होता. पुढं दुकान बंद करून ते कुर्डुवाडीला लेकीकडं गेले आणि तिकडंच वारले. मला ते बऱ्याच दिवसांनी कळलं.

आईनं वडलांचा आणि माझा, दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले होते. माझ्या सोयरिकीसाठी पाहुणे आले, तेव्हा त्यांतला एक म्हातारा बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाप-लेक दोघंबी लई शिकलेले दिसत्यात."

आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "व्हय. दोघंबी."