अण्णांची सीडी आणि माझ्या भावाचं खोटं

मैत्रिणींनो, आज घडलेलं लगेच लिहिते.

माझे वडील, अण्णा, चाकणजवळच्या आमच्या गावी भजन म्हणायचे. ते गेल्यावर त्यांचा आवाज एका सीडीतच उरला. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी हार्ड डिस्क बसवून विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं, तेव्हापासून सीडी लागेना. तो म्हणाला, "ताई, लिनक्सवर सीडी चालतच नाही." मी विश्वास ठेवला. सीडी देवघरात ठेवली आणि दर एकादशीला तिच्या चकचकीत बाजूला गंध लावत राहिले.

आज शेजारची स्नेहा आली, ती कॉम्प्युटरचं शिकते. कॉम्प्युटरचा डबा उघडून म्हणाली, "काकू, सीडी ड्राइव्हची वायरच काढलीय. ती नव्या हार्ड डिस्कला लावलीय!" तिने घरून दुसरी वायर आणून जोडली, तर आरतीची सीडी लगेच वाजली.

अण्णांची मात्र रीड एरर दाखवत राहिली. गंध पुसलं, पण दोन वर्षं ते घासून पडलेले चरे राहिले. खूप खटपट करून एक भजन निघालं. बाकी सगळं गेलं.

भावाला फोन केला. "अगं, एक वायर कमी पडत होती. म्हटलं, तुला कुठे कळतंय!" आणि वर म्हणतो, "एक भजन मिळालं ना, बास की!"

खरं सांगितलं असतं, तर इथल्याच रहाटणीतल्या दुकानातून त्याच दिवशी वायर आणली असती मी. अण्णा त्याचेही वडीलच होते ना?

तुम्हाला कधी आपल्याच माणसाने असं वेड्यात काढलंय का? नंतर त्याच्याशी कसं बोललात?