एक वाडगा सूप

“मुलीचं इंग्रजी छान आहे, तिला आत बसू दे. ड्रायव्हरला मागच्या दाराशी प्लेट दे.”

मॅडम स्वयंपाक्याला हळूच सांगत होत्या. मला ऐकू आलं. तो ड्रायव्हर म्हणजे माझे पप्पा. मॅडमना ते ठाऊक होतं.

मस्कतच्या अझैब्यातला साहेबांचा व्हिला. शुक्रवारचं जेवण. पप्पा साहेबांच्या कंपनीत ड्रायव्हर, मी त्याच कंपनीच्या कुरुमच्या ऑफिसात सेक्रेटरी. दोघांचे व्हिसा साहेबांच्या सहीवर. मला पुढच्या दाराशी उतरवून पप्पा म्हणाले होते, “जा तू. मला गाडीतच बरं.” मी गेले. वळून पाहिलं नाही. आता मॅडमचं ऐकूनही खुर्ची ओढून बसले.

सूप आलं. भिंतीवर आयर्लंडमधल्या एका मोठ्या घराचं चित्र होतं. साहेबांच्या पूर्वजांचं घर. ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते. घराणं प्रोटेस्टंट, जमीनदार. कुळं सगळी कॅथलिक. जमीन मुळात त्यांच्याच वाडवडिलांची, पण आता खंड भरून कसायची. घरासमोरून जाताना टोपी काढायची. पुढच्या दाराने यायचं नाही. मग बटाट्याचं पीक कुजलं, माणसं उपाशी मरू लागली. साहेबांच्या खापरपणजीने सूप वाटलं. अट एकच, आमच्या चर्चमध्ये या.

“एका वाडग्यात देव बदलला लोकांनी,” साहेब म्हणाले.

“आणि सूपही पातळच असणार,” एक पाहुणा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. सवयीने.

आम्ही वसईचे कॅथलिक. मस्कतच्या शाळेत मराठी मुली मला विचारायच्या, “तुम्ही पावाला बाटलात ना गं?” पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायलात नि बाटलात, ही गोष्ट त्या घरून ऐकून यायच्या. मी इंग्रजीत शिरले. तिथे मला कुणी बाटगी म्हणत नव्हतं.

आयर्लंडच्या त्या कुळांची पोरं भुकेने मरत होती. मी तर भुकेलीही नव्हते. एका खुर्चीसाठी बाप दाराबाहेर ठेवला.

खिडकीतून मागची पायरी दिसत होती. पप्पा मांडीवर प्लेट घेऊन उन्हात बसलेले. जेवणाआधी क्रूसाची खूण करत होते. टोपी काढून बाजूला ठेवलेली.

माझा चमचा खाली गेला. मॅडमनी विचारलं, सूप आवडलं नाही का.

व्हिसा आठवला. माझा, मग पप्पांचा. तरी उभी राहिले. आवाज बारीकच निघाला.

“सर, माझे वडील मागच्या पायरीवर बसलेत. या टेबलावर त्यांना जागा नसेल तर मलाही नको. आज नको, पुढेही नको.”