‘हजर’ म्हणणाऱ्यांचा पत्ता

रंगमंचावर मी पुष्कळदा मेलो, पण त्यातल्या एका मरणाने जो घोळ घातला तो नाटक बंद होऊन कित्येक वर्षं उलटल्यावर. आमच्या मंडळीतली जुनी माणसं इंटरनेटवर एका कट्ट्यावर जमत. जागा एका बड्या कंपनीची, फुकटची. तिथे मी माझा एक फोटो टाकला: पोटात कट्यार, सदरा लाल, डोळे अर्धवट मिटलेले. कंपनीच्या यंत्राला ते खरंच वाटलं. ‘हिंसक मजकूर’ असा शेरा मारून त्यांनी कट्टा महिनाअखेर बंद करत असल्याचं कळवलं. माझ्या अभिनयाला याहून मोठी दाद कधी मिळाली नाही, पण ती भलतीच महागात पडली.

कट्टा चालवायची कुजबुज. आमची प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून ती आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवायची. नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये, एवढाच आवाज, म्हणून हे नाव. बाहेर मात्र तिचा आवाज चांगला खणखणीत होता.

तिने कंपनीला लिहिलं, ‘फोटोतला गृहस्थ जिवंत आहे, रोज फोन करून माझं डोकं खातो.’ लगेच जबाब आला: ‘हा संदेश आपोआप पाठवला आहे. कृपया उत्तर देऊ नका.’

“म्हणजे घरातून बाहेर काढायचं आणि आतून कडी लावायची,” ती म्हणाली. “राहिलं. आपण आपलं घर बांधू.”

तिला घाई होती ती दिवेवाल्यासाठी. आमच्या नाटकांना प्रकाश देणारा हा माणूस आता लेकीकडे, दूर, आणि कानांनी पार गेलेला. फोनचा उपयोग नाही. दिवसभराचं त्याचं बोलणं काय ते कट्ट्यावर. कट्टा गेला की तो गेलाच.

चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर तिची खोली. खिडकीपाशी जेवणाचं टेबल, त्यावर अर्ध्यात संगणक, अर्ध्यात इस्त्रीचे कपडे. तिथे आम्ही बसलो, आणि संगणकाच्या धंद्यातला तिचा भाचाही.

“मावशी, दुसरं एखादं फुकटचं अ‍ॅप घे ना. दहा मिनिटांचं काम.”

“आणि हे तिथेही मेले तर?” तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

कट्टा ठेवायला भाड्याने सर्व्हर देणाऱ्या तीन ठिकाणी तिने एकच प्रश्न पाठवला: ‘यंत्र बंद पडलं तर मी कोणाशी बोलू?’ एकाने जाहिरात पाठवली. दुसऱ्याने मदतीच्या पानांचा पत्ता. तिसऱ्याने लिहिलं, ‘माझ्याशी. पण आमच्याकडून थेट ईमेल पाठवता येत नाही, ते दार आम्ही बंदच ठेवतो. आधीच सांगून ठेवतो.’

“हाच,” ती म्हणाली.

“अगं, पण ईमेलशिवाय लोकांना बोलावणार कशी?” मी विचारलं.

“त्याला दार उघडायला सांगते.”

तिने त्याला इतकं पिडलं की त्याने उघडलं. नव्या कट्ट्याची पहिली आमंत्रणं गेली आणि जवळजवळ सगळी स्पॅममध्ये जाऊन पडली. माझंसुद्धा, कर्ज देणाऱ्यांच्या आणि केस उगवणाऱ्यांच्या मधोमध. भाच्याने आधी बजावलं होतंच. अनोळखी पत्त्यावरून आलेलं टपाल कोणी घरात घेत नाही. इथे तिने हार मानली, तोंड वाकडं करून का होईना. टपाल पोचवणं हाच धंदा असलेल्या एका सेवेकडे भाच्याने ते काम सोपवलं आणि ही सेवा आमच्याच वतीने पाठवते आहे अशी नोंद आमच्या पत्त्याच्या माहितीत केली. आमंत्रणं नीट पोचली. मजकूर तिचा होता: ‘आपली हजेरी पक्की करा.’ खाली एक बटण.

कोणीही आलं नाही. नव्या कट्ट्यावर कुजबुज, मी आणि भाचा.

ज्यांचा फोन नंबर होता अशा मोजक्यांतल्या कपडेपटवाल्या काकूंना तिने फोन लावला.

“मी तर तेव्हाच ‘हजर’ लिहून पाठवलं,” काकू म्हणाल्या. “तालमीला नाव पुकारलं की काय करायचं असतं? बटण दाबायचं?”

सगळ्यांनी तेच केलं होतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

“मग ती उत्तरं कुठायत?” कुजबुजने भाच्याला विचारलं.

“नाहीयेत. त्या पत्त्यावर आलेलं आपोआप फेकलं जातं. उत्तर न घेणारा पत्ता आहे तो. सगळेच तसा ठेवतात.”

“माझ्या दारावर ही पाटी तू लावलीस?”

भाचा शांतपणे समजावत राहिला. ही सेवा टपाल फक्त पाठवते. घ्यायला वेगळी टपालपेटी भाड्याने घ्यावी लागेल, मग ती उघडून वाचायला कट्ट्याला शिकवावं लागेल. “आणि ‘हजर’ काय, कोणीही लिहील. एखादा भामटा शिरला म्हणजे?”

“शिरू दे. नाटकातलं एक वाक्य अर्धं सोडून पुढचं विचारीन. कोण कुठे अडखळतं ते मला पाठ आहे.”

“काका कुठे अडखळतात?”

“हे ना? मरताना सोडून सगळीकडे.”

“मावशी, महिना संपत आलाय. बटण मोठं करू, लाल करू.”

“माणसं बदलायची नाहीत,” ती म्हणाली. “पत्ता बदल.”

त्याने बदलला. दुसरं आमंत्रण गेलं: ‘हजर असाल तर उत्तर द्या.’ मग टपालपेटी वाजायला लागली. रंगपटातले दादा: ‘हजर. चष्मा सापडत नव्हता.’ काकू: ‘पुन्हा हजर. दोनदा पुकारायला मी बहिरी नाही.’ दिवेवाल्याचं मात्र काही येईना. कुजबुज संगणकासमोरच जेवली. जुना कट्टा बंद व्हायचा त्या दिवशी दुपारी त्याची एक ओळ आली: ‘हजर. कुठे बसू?’

तिने त्याला वाक्यबिक्य काही विचारलं नाही. सरळ आत घेतलं.

परवा भाच्याने सगळ्यांना कळवलं की दुरुस्तीसाठी कट्टा दुपारी थोडा वेळ बंद राहील. त्यावरही उत्तरं आली. ‘चालेल.’ ‘घाई करू नकोस.’ ‘तू जेवलास का?’ दिवेवाल्याने तर अंधार करण्याआधी माणसांना इशारा कसा द्यावा, यावर पानभर लिहिलं.

“आता या सगळ्याचं काय करू?” भाचा वैतागून म्हणाला.

“उत्तर दे,” कुजबुज म्हणाली. “एकेकाला.”