सगळ्या मशीनवर एकच बिल्ड

असे किस्से कोणी जमवत नाही. माठाखाली पाणी साठतं तसे ते साठतात, आणि पाय घसरला की कळतं!

मी परदेशात कॉम्प्युटर शिकले आणि थेट परळच्या एका पतपेढीत नोकरी धरली. सभासद बहुतेक जुने गिरणी कामगार. त्यांच्या पैशांना जगातलं उत्तम सॉफ्टवेअर मिळालं पाहिजे, असा माझा ध्यास! कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच : मी आणि तावडेकाका. संपानंतर काकांची गिरणी कायमची बंद पडली, तेव्हा ते कॉम्प्युटर शिकले.

पहिल्याच आठवड्यात अध्यक्षसाहेबांनी बजावलं, "दिवाळीपर्यंत सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअरचं एकच बिल्ड पाहिजे. एक जरी राहिलं तरी विभाग बंद, काम बाहेरच्या कंपनीला!"

माझं काय, मला दुसरीकडे नोकरी मिळाली असती. काकांची मात्र दुसऱ्यांदा गेली असती.

*

अडचण अशी की सॉफ्टवेअरचं नाव एक, आवृत्तीचा नंबरही एक, पण आतून प्रकार वेगळे. कुठे ३२ बिटचं, कुठे ६४ बिटचं, कुठे फक्त एकाच्या लॉगिनपुरतं बसवलेलं. चुकीच्यावर चुकीचा अपडेट गेला की पासबुक छापणं बंद!

मी गिरगाव शाखेच्या जोशीबाईंना फोन केला. "बाई, तुमच्याकडे ३२ आहे की ६४?"

"तुम्हाला कुठलं हवंय?"

"६४."

"मग तेच आहे, लिहून घ्या!"

सगळ्या शाखांनी इतक्याच प्रेमाने उत्तरं दिली. माझ्या तक्त्यात अख्खी पतपेढी एकसारखी झाली!

*

दादरला स्वतः जाऊन पाहिलं. एकाच मशीनवर तेच सॉफ्टवेअर चारदा! प्रत्येकाने आपापल्या लॉगिनमध्ये वेगळं बसवून घेतलेलं.

"अहो, सगळ्यांना मिळून एक पुरलं असतं!"

कॅशियर गोखले गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, चहाचा कप तरी आपण दुसऱ्याचा वापरतो का?"

*

लालबागला अपडेट गेला, पण एकट्या सावंतांच्या लॉगिनमध्ये. शेजारचे परब, संपातले जुने गडी, पेन खाली ठेवून बसले.

"सावंताक नवा आणि माका जुना? गिरणीतसुद्धा अशीच सुरुवात झाल्ली!"

मी फळ्यावर चित्रं काढून समजावलं, की हा भेदभाव नाही, इन्स्टॉलेशनचा प्रकार वेगळा आहे. परबांनी सगळं ऐकून घेतलं.

"कळला. मगे सगळ्यांकाच जुना द्या!"

*

मग मला कल्पना सुचली. ३२ बिटच्या मशीनवर लाल टिकली, ६४ बिटच्या मशीनवर हिरवी. परदेशात शिकल्याचा काहीतरी उपयोग!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांबरोबर वरळी शाखेत गेले. एकाही मशीनवर टिकली नाही. सगळीकडे हळदकुंकू आणि झेंडूचे हार.

शिपाई पाटील अभिमानाने म्हणाले, "मॅडम, टिकल्या खरवडून सगळी मशीनं चकाचक पुसली. पूजा करायची तर आधी आंघोळ नको?"

काकांनी मला हळूच बाहेर नेलं. "पोरी, रडू नकोस. प्रसाद घे."

*

शेवटी मी आणि काका शाखाशाखांतून फिरलो. प्रत्येक मशीन, प्रत्येक लॉगिन स्वतः उघडून पाहिलं. परबांचं सर्वांत आधी केलं!

दिवाळीच्या तोंडावर अध्यक्षसाहेब आमच्या खोलीत आले. माझ्या स्क्रीनवर सगळ्या मशीनची नावं, पुढे हिरव्या खुणा. साहेबांनी चष्मा चढवला आणि यादीच्या अगदी तळाशी बोट ठेवलं.

"हे लाल काय आहे?"

एक मशीन. जुनं बिल्ड, एकाच लॉगिनपुरतं बसवलेलं.

"तावडे, मी सांगितलं होतं. एक जरी राहिलं तरी बंद म्हणजे बंद!"

काकांनी मशीनचं नाव वाचलं, ते उठले आणि चालू लागले. मागे साहेब, त्यांच्यामागे मी. जिना चढून काका एका दारापाशी थांबले. दारावर पाटी : 'माझ्या कॉम्प्युटरला कोणीही हात लावू नये. हुकमावरून, अध्यक्ष.'

साहेब म्हणाले, "ते... भाच्याने बसवून दिलंय."

काकांनी अदबीने विचारलं, "साहेब, मग काय बंद करायचं? विभाग की केबिन?"

साहेबांनी जिन्याकडे पाहिलं. खालून शिपाई, क्लार्क, सगळे माना उंचावून बघत होते.

"आत या दोघं," साहेब म्हणाले. "आणि तावडे, आधी दार बंद करा!"