मुक्ताबाईंनी विद्यापीठ पसंत केलं

धारूर-केज रस्त्यावरच्या त्या गावात मुक्ताबाई सिरसटांना ओळखत नाही असं जनावरसुद्धा नव्हतं. महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन. शिक्षण सातवी, पण कॅनचं झाकण उघडलं की दुधात पाणी किती ते नुसत्या नजरेनं सांगायच्या आणि मागाहून मशीनही तेच सांगायचं. संस्था निघाली तेव्हा 'बौद्धवाड्यातली बाई दूध मापणार का?' अशी कुजबुज झाली होती. पहिल्याच सकाळी वरच्या आळीतल्या केसरबाई चरवी घेऊन तडक आल्या, "माप गं मुक्ते," म्हणाल्या, आणि कुजबुजणाऱ्यांच्या बायकाही मग मुकाट रांगेत उभ्या राहिल्या.

दोन हजार सोळाचा जून. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. सगळी जनावरं माळावरच्या चारा छावणीत, त्यामुळं दूध संकलनही तिथंच आणि मुक्ताबाईंचा अर्धा संसारही तिथंच. एका दुपारी त्यांची थोरली लेक संघमित्रा ओढणी सावरत, ठेचकाळत छावणीत आली. परभणीला शेतीतली इंजिनिअर झालेली ही पोरगी, पुढं जमिनीतल्या पाण्याचं शिक्षण घ्यायचं म्हणून वर्षभर परदेशात अर्ज करत बसली होती.

"आई! तिसरं बी आलं!"

"काय आलं?"

"पत्र! तिन्ही विद्यापीठांनी घेतलं मला!"

मुक्ताबाईंनी हातातल्या मापासकट लेकीला मिठी मारली. दूध दोघींच्या अंगावर. शेजारची छबुबाई काहीच न कळता टाळ्या पिटायला लागली, तिच्या म्हशीनं दावं तोडलं, आणि म्हशीमागं निम्मी छावणी पळाली. म्हैस सापडली तेव्हा सगळ्यांना बातमी कळली होती.

पण खरी पंचाईत पुढंच होती. सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जात एकाच विद्यापीठाचं नाव लिहायचं होतं. मुदत चार दिवस, आणि एकदा लिहिलेलं नाव बदलता येणार नव्हतं. लंडन, अमेरिका की ऑस्ट्रेलिया?

धारूर डेपोत मेकॅनिक असलेल्या माणिकरावांचा, म्हणजे संघमित्राच्या वडिलांचा, निकाल तयार होता. "लंडन. बाबासाहेब जिथं शिकले तिथंच माझी लेक शिकणार. विषय संपला." छावणी चालवणारे सर्जेराव मोबाइलवर जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीच्या याद्या काढून बसले. "वहिनी, पयल्या नंबराचं घ्या. नंबर बघून माणूस डोळे झाकून जातो." छबुबाईचं मत अमेरिकेला, कारण तिला दुसऱ्या देशाचं नाव येत नव्हतं. संघमित्रा तिन्हींची माहितीपत्रकं मांडीवर घेऊन बसायची. तिन्हींवर हिरवळ तीच, हसणारी पोरं तीच. तिचं जेवण सुटलं.

मुक्ताबाईंनी ती पत्रकं गोळा केली आणि बाजूला ठेवली. "पोरी, म्हैस घ्यायला गेलं की मालकाला इचारत्यात का? मालक तर म्हननारच, दहा लिटर देती. शेजारनीला इचारायचं. तिथं आत्ता शिकतंय कोन, त्यांना फोन लाव."

संघमित्रा हसली आणि उठली. दोन दिवस तिनं धडाधड ईमेल धाडले. छावणीतल्या टाकीजवळच्या उंचवट्यावर नेटवर्क यायचं. तिथं बाज टाकून मायलेकी बसल्या. लंडनच्या पोरीनं खरं सांगितलं: शिकवतात उत्तम, नाव मोठं, पण भर शहरांच्या पाण्यावर, विहिरी-बोअरचा एकच पेपर. अमेरिकेतला पोरगा म्हणाला, सगळं झकास आहे, फक्त आमचे गाईड वर्षात दोनदा भेटले.

"म्हंजे डाक्टर हाय, पन दवाखान्यात न्हाई," मुक्ताबाईंनी शेरा मारला.

ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या कोइमतूरच्या मुलीनं मात्र, "आमच्या बाईंशीच बोल ना," म्हणून वेळ ठरवून दिली. सकाळी आठला, ऐन दुधाच्या वेळी, मोबाइलच्या पडद्यावर पांढऱ्या केसांच्या रुथबाई उगवल्या. संघमित्रा घाबरून ताठ. तेवढ्यात मागं म्हैस ओरडली. रुथबाईंनी विचारलं, ही जनावरं एका ठिकाणी का? संघमित्रानं दुष्काळ सांगितला. रुथबाईंनी लगेच वही ओढली. बोअर किती खोल, असं विचारलं; लेकीनं ते आईला मराठीत सांगितलं.

"सातशे फूट. आन् कोरडा," मुक्ताबाई पडद्यात घुसल्या. "पन सांगा त्यान्ला, वढ्याकडच्या जुन्या हिरीला मार्चपतुर पानी व्हतं. तीस फुटाची हीर!"

लेकीनं इंग्रजीत सांगितलं. रुथबाई खुर्चीतून पुढं सरकल्या. असं का होतं, ते तुझ्या आईला विचार, म्हणाल्या.

"कावून ते म्हाईत असतं," मुक्ताबाई म्हणाल्या, "तर लेकीला तिकडं कावून धाडली असती?"

हे भाषांतर ऐकून रुथबाई इतक्या हसल्या की चष्मा पडला. मग त्यांनी पाऊण तास खडक, ओढा, बांध सगळं विचारलं. त्यांच्याकडंही दुष्काळ पडतो, अशाच कठीण खडकातलं पाणी त्या तीस वर्षं शोधताहेत, हेही सांगितलं. दुधाची रांग आवाज करून थकली आणि शेवटी फोनभोवतीच जमली.

संध्याकाळी माणिकराव तोंड पाडून बसले. "मंग लंडन न्हाईच?"

मुक्ताबाई त्यांच्याजवळ टेकल्या. "आवो, बाबासाहेब आदी अमेरिकेला गेल्ते ना? मंग लंडनला. जिथं त्यांच्या इषयाचं ग्यान व्हतं तिथं गेले. गावाचं नाव बघून न्हाई गेले."

माणिकराव उठले, मोटारसायकलला किक मारली. "चल संगी, केजला, अर्ज भरू. नेट कॅफे बंद व्हईल."

शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं त्या दिवशी संस्थेनं सगळ्या सभासदांना पेढे वाटले. फेब्रुवारीत लेक निघाली, तेव्हा मुंबईच्या विमानतळावर दोन जीपगाड्या लागल्या. त्यातून माणिकराव, सर्जेराव, केसरबाई, छबुबाई आणि संस्थेच्या आठ बायका उतरल्या. दारावरच्या जवानानं ही वरात पाहून विचारलं, "जाना किसको है?"

"जानार एकच," मुक्ताबाई म्हणाल्या आणि लेकीला पुढं केलं, "पन पसंत समद्यांनी केलंय!"

जवान हसला. संघमित्रा आत गेली, काचेपलीकडून हात हलवू लागली. माणिकराव एकाच वेळी रडत आणि हसत होते, छबुबाई दिसेल त्या विमानाला हात करत होती, आणि मुक्ताबाई काचेला नाक लावून मोठ्यानं सांगत होत्या, "पोचल्यावर रुथबाईला जय भीम सांग गं!"